धूर दिसतो, चर दिसत नाही

‘स्टेट बोर्ड’ हे दोन शब्द ऐकले की आपल्यापैकी निम्म्या जणांना दहावीचा निकाल आठवतो आणि उरलेल्यांना (म्हणजे माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना) ‘आमचं बोर्ड वेगळं होतं’ हे सांगायची खुमखुमी येते. पण हा लेख परीक्षेच्या बोर्डाबद्दल नाही. तो आहे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या ‘स्टेट बोर्ड ऑफ हेल्थ’बद्दल, म्हणजे राज्य आरोग्य मंडळाबद्दल. आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात हे काय मध्येच? डॉक्टरांचे विषय डॉक्टरांना लिहू द्या की!

थांबा. माझा मुद्दाच हा आहे की सार्वजनिक आरोग्य हा विषय जितका डॉक्टरांचा आहे तितकाच आपला आहे. पर्यावरण अभियांत्रिकीच्या सेमिनारसाठी मी या मंडळाबद्दल वाचायला घेतलं तेव्हा मार्कांपलीकडे फारसा हेतू नव्हता. पण वाचता वाचता लक्षात आलं की ही गोष्ट आपल्या हॉस्टेलच्या टेरेसपर्यंत येऊन पोचते. कशी, ते सांगते.

सुरुवात थोडी मागून. १८८८ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे पाच हजार लोक आजारी पडले आणि चारशेहून अधिक दगावले. शहर सोडून पळणाऱ्यांना शेजारची गावं बंदुका रोखून परत पाठवत होती. ताप कशाने येतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हतं. हवेतच काहीतरी वाईट आहे असा समज, म्हणून लोकांनी रस्त्यात डांबर जाळून धूर केला. एवढंच नव्हे, हवा ‘शुद्ध’ व्हावी म्हणून चक्क तोफा उडवल्या! धूर झाला, आवाज झाला, साथ मात्र आपल्या मर्जीने थंडी पडल्यावरच गेली.

राज्य आरोग्य मंडळ असावं असं फ्लोरिडाच्या १८८५ च्या घटनेतच लिहिलेलं होतं, पण प्रत्यक्षात ते स्थापन व्हायला ही साथ यावी लागली. १८८९ मध्ये मंडळ सुरू झालं, डॉ. जोसेफ पोर्टर पहिले राज्य आरोग्य अधिकारी झाले. ‘माणसं मेल्याशिवाय फाईल हलत नाही’ हे वाक्य फक्त आपल्याकडेच लागू आहे असं समजू नका.

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत या मंडळाने काय काय केलं याची यादी लांबलचक आहे. क्षयाचा शोध, दुधाची तपासणी, शाळांमधला हुकवर्म म्हणजे आकडीच्या जंतांचा बंदोबस्त, संडास बांधण्याची मोहीम, खेड्यापाड्यांतल्या सुईणींचं प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याच्या योजनांवर देखरेख. सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत ‘फ्लोरिडा हेल्थ नोट्स’ नावाचं मासिकही मंडळ १८९२ पासून काढत होतं. पण मला बोलायचं आहे ते १९४० ते १९६० या काळाबद्दल आणि एकाच प्राण्याबद्दल. तो म्हणजे डास.

दुसऱ्या महायुद्धात फ्लोरिडात लष्कराचे मोठमोठे तळ उभे राहिले. दक्षिणेकडच्या राज्यांत तेव्हा मलेरिया होताच. खिडक्यांना जाळ्या नसलेल्या झोपड्यांत राहणारे गरीब शेतमजूर, गोरे आणि काळे दोन्ही, त्याचे पहिले बळी. १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनांतून चर खणून दलदली कोरड्या करण्याचं बरंच काम झालं होतं आणि मलेरिया उतरणीलाही लागला होता. तेवढ्यात डीडीटी आलं. पॉल म्यूलरने १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला, पुढे १९४८ मध्ये त्याबद्दल त्याला नोबेलही मिळालं. अमेरिकन सैन्यासाठी डीडीटीच्या चाचण्या झाल्या त्या फ्लोरिडातल्याच ऑर्लँडोच्या प्रयोगशाळेत.

१ जुलै १९४७ रोजी अमेरिकेत मलेरिया निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आग्नेयेकडची १३ राज्यं, त्यांची आरोग्य खाती आणि आज ज्याला आपण सीडीसी म्हणतो ती संस्था, सगळ्यांनी मिळून घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारलं. १९४९ अखेरपर्यंत घरांमध्ये साडेशेचाळीस लाखांहून अधिक फवारण्या झाल्या. १९४७ मध्ये देशात मलेरियाच्या १५,००० केसेस नोंदल्या होत्या, १९५० मध्ये त्या २,००० वर आल्या. १९५१ मध्ये मलेरिया अमेरिकेतून गेल्यात जमा झाला.

म्हणजे फवारणी वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये. योग्य जागी, योग्य वेळी, मोजून मापून केलेल्या फवारणीने लाखो लोक वाचले आहेत. माझं म्हणणं पुढे आहे.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दुसराही एक डास होता. आपल्या कोकणात जशी खाजणं असतात, उधाणाच्या भरतीला पाणी आत येतं आणि एरवी चिखल, तशा खाऱ्या दलदलीत वाढणारा. हा मलेरिया पसरवत नव्हता, पण चावायचा असा की किनाऱ्यावर संध्याकाळी बसणं मुश्कील. गुरंढोरं, शेती, पर्यटन, सगळ्याचीच वाट. या डासांवरही मग डीडीटीच मारायला घेतलं. ट्रकमधून, विमानातून. पहिली दोन-तीन वर्षं सगळे खूश. आणि १९४९ च्या सुमारास लक्षात आलं की डास मरेनासे झालेत! जे थोडे डास औषधाला पुरून उरले त्यांचीच पिल्लावळ वाढली. ‘जादूचं औषध’ पाच वर्षंही टिकलं नाही.

आता इथे मंडळाची खरी परीक्षा होती. सोपा रस्ता समोर होताच. डीडीटी नाही तर दुसरं औषध, एक चमचा नाही तर दोन चमचे. औषधाचा ट्रक गल्लीतून गेला की मतदार खूश, नेते खूश, विकणारेही खूश. पण मंडळाच्या कीटकशास्त्र विभागात जॉन मुलरेनन आणि मॉरिस प्रोव्होस्ट ही दोन माणसं होती. त्यांनी विचारलं, हा डास जन्मतो कुठे आणि कसा?

उत्तर मोठं गमतीचं आहे. हा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतच नाही. तो ओलसर चिखलावर अंडी घालतो. अंडी तशीच पडून राहतात, कितीतरी आठवडे. मग मोठी भरती येते किंवा दणकून पाऊस पडतो, चिखल पाण्याखाली जातो आणि सगळी अंडी एकदम फुटतात. आठवड्याभरात डासांचे थवेच्या थवे. म्हणजे प्रश्न पाण्याचा नाही, पाण्याच्या चढउताराचा आहे. हे कळल्यावर उपायही कळतो. एक तर चर खणून पाणी वाहतं करा, म्हणजे छोटे मासे आत येऊन अळ्या खातील. नाहीतर बांध घालून डासांच्या मोसमात चिखल सतत पाण्याखाली ठेवा, म्हणजे अंडी घालायला जागाच उरणार नाही. सांगा बरं, यातला कोणता भाग मेडिकल कॉलेजच्या सिलॅबसमध्ये आहे? हे हायड्रॉलिक्स आहे, सर्व्हेइंग आहे, अर्थवर्क आहे!

प्रोव्होस्टने आणखी एक प्रयोग केला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅनिबेल बेटावर त्याने असंख्य डासांना किरणोत्सारी फॉस्फरसची खूण करून सोडलं आणि ते कुठे कुठे सापडतात ते पाहिलं. काही माद्या वीस मैलांपलीकडे सापडल्या. याचा अर्थ काय? एका गावाने कितीही साफसफाई केली तरी शेजारच्या गावचे डास चावायला येणारच. म्हणून हे काम एकट्यादुकट्या नगरपालिकेचं नाही, राज्याचं. स्थानिक लोकांनी स्वतःवर कर बसवून डासनियंत्रण जिल्हे केले होतेच, पहिला तर १९२५ मध्येच इंडियन रिव्हर भागात झाला होता. पण त्यांना जोडणारं, शिकवणारं आणि पैसे देणारं कुणीतरी वर लागतं. ती जागा मंडळाची.

१९५३ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायमस्वरूपी कामांसाठी, म्हणजे डासांची उत्पत्तीच थांबवणाऱ्या कामांसाठी, जिल्ह्यांना राज्याचा वेगळा निधी द्यायचं ठरवलं. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा क्षण वाटतो. कारण वेगळा निधी ठेवला नाही तर सगळा पैसा फवारणीच खाऊन टाकते. फवारणीची मागणी आज असते, चराचा उपयोग पाच वर्षांनी कळतो. आणि कळतो तरी काय? ‘यंदा डास नव्हते.’ जे झालंच नाही त्याचं श्रेय कोण कुणाला देणार? पाठोपाठ १९५६ मध्ये मंडळाने व्हेरो बीच इथे संशोधन केंद्र सुरू केलं आणि ते प्रोव्होस्टकडे सोपवलं. पैसा कामाला आणि मोजमापालाही, अशी ही दुहेरी सोय.

पूर्व किनाऱ्यावर मग बांधच बांध झाले. पुढच्या दोनेक दशकांत ४०,००० एकरांहून अधिक खाजण बांधांच्या आत आलं. डास खरोखरच कमी झाले, औषधही कमी लागलं.

इथे लेख संपवला तर छान प्रेरणादायी झाला असता. पण खरी गोष्ट एवढी गुळगुळीत नाही. बांध घातले की भरती-ओहोटी तुटते. ज्या माशांची पिल्लं खाजणात वाढायची ती आत येऊ शकेनात. कितीतरी ठिकाणची खारफुटी पाण्यात बुडून मेली. आणि मेरिट बेटावर, म्हणजे जिथून अपोलोची यानं चंद्राकडे झेपावली त्या केनेडी स्पेस सेंटरच्या परिसरात, एक छोटासा काळपट पक्षी राहायचा. डस्की सीसाइड स्पॅरो. जगात फक्त त्याच भागात. आधी डीडीटी, मग बांधांनी बुडालेलं गवत, आणि आतल्या बाजूला सेंट जॉन्स नदीकाठी रस्ते व निचऱ्याची कामं. सगळ्यांनी मिळून त्याची जागाच संपवली. पायात नारिंगी कडं असलेला शेवटचा नर जून १९८७ मध्ये डिस्ने वर्ल्डमध्ये पिंजऱ्यात मेला. आता तो पक्षी पृथ्वीवर नाही.

हे वाचून मी दोन दिवस सेमिनारचा निष्कर्ष लिहू शकले नाही. ज्या लोकांना मी हिरो समजत होते त्यांच्या कामाचा हा परिणाम? पण मग आणखी वाचलं. बांध आणि पक्षी यांचा संबंध काय, यावर प्रोव्होस्टने १९५९ मध्येच लेख लिहिला होता. म्हणजे बघणारं कुणीतरी होतं. आणि पुढे बांध सगळे फोडून टाकले गेले असंही नाही. त्यांच्यात पाइपच्या मोऱ्या बसवल्या, झडपा बसवल्या. डासांच्या मोसमात झडपा बंद, पाणी आत. बाकीचं वर्षभर झडपा उघड्या, भरती-ओहोटी चालू, मासे मोकळे. स्पॅरोसाठी हे फार उशिरा झालं, पण खाजणं बरीच सावरली.

यावरून मी काढलेला निष्कर्ष असा. फवारणीची चूक पाच वर्षांत कळते आणि औषध बदलता येतं. बांधकामाची चूक पन्नास वर्षं टिकते. म्हणून कायमस्वरूपी काम करणाऱ्याने मोजणंही कायम चालू ठेवलं पाहिजे. मंडळाचं मोठेपण त्याने बांध घातले यात नाही. औषध लागू पडत नाही हे त्याने मान्य केलं, कारण शोधलं आणि आपल्याच उपायावर नजर ठेवणारी प्रयोगशाळा आपल्याच पैशाने काढली, यात आहे. १९६९ मध्ये ते मंडळ राज्याच्या मोठ्या खात्यात विलीन झालं, पण नजर ठेवण्याची सवय राहिली. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या सॅरासोटा भागात परदेशी न गेलेल्या सात जणांना मलेरिया झाला, तेव्हा तो लगेच पकडला गेला आणि तिथेच थांबला.

आपल्याकडची गोष्टही काही वेगळी नाही. १९४० च्या दशकाच्या मध्यात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतातल्या कारवार आणि धारवाड भागांत (तेव्हा ते आपल्याच प्रांतात होते) घरोघरी डीडीटी फवारून मलेरिया आटोक्यात आणून दाखवला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो ‘निर्मूलन’ कार्यक्रम झाला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केसेस लाखाच्या आत आल्या. वाटलं, संपलं! मग ढिलाई आली, डास औषधाला दाद देईनात, शहरांकडे तर लक्षच उशिरा गेलं. १९७६ मध्ये देशात ६४ लाख केसेस. पंधरा वर्षांत होतं तसं.

आता हॉस्टेलवर या.

आपल्या हॉस्टेलवर डेंग्यूची केस निघाली की काय होतं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फॉगिंग मशीन येतं. फटफट आवाज, पांढरा धूर, कॉरिडॉरमध्ये खोकणारी मुलं, मोबाईलवर फोटो. दोन दिवस सगळ्यांना बरं वाटतं. मला मात्र जॅक्सनव्हिलचं डांबर आणि तोफा आठवतात. फरक एवढाच की आपल्याला कारण ठाऊक आहे. धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळीला काहीही होत नाही. शिवाय डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि खोलीत कपड्यांच्या मागे, कॉटखाली बसतो, बाहेरचा धूर त्याच्यापर्यंत पोचतही नाही. आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार.

आणि तो वाढतो कुठे? गटारात नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात. टेरेसवरच्या झाकण नसलेल्या टाकीत, खोल्यांतल्या कूलरमध्ये, मेसच्या मागे पडलेल्या डब्यांत, स्लॅबचा उतार चुकल्यामुळे साचणाऱ्या तळ्यात. आणि सिव्हिलवाल्यांनो, रागावू नका, पण बांधकामावर क्युअरिंगसाठी भरून ठेवलेल्या पिंपांत आणि स्लॅबवरच्या वाफ्यांत. म्हणजे आपलं प्रोफेशनच डास पाळतंय!

काही जण म्हणतील, हे सगळं बघायला रेक्टर सर आहेत, सफाईवाले मामा आहेत, महापालिका आहे. आहेतच. पण सफाईवाल्या मामांनी स्लॅबचा उतार दुरुस्त करायचा का? कुणी म्हणेल, अमेरिकेकडे पैसा होता. टाकीच्या झाकणाला आणि ओव्हरफ्लोच्या पाइपवर बांधायच्या जाळीला कितीसा पैसा लागतो? एक-दोन फॉगिंगच्या खर्चात सगळ्या टाक्या झाकून होतील असा माझा अंदाज आहे. चुकत असेल तर मेंटेनन्सवाल्या सरांनी हिशेब मांडून दाखवावा, मला आनंदच होईल.

माझी सूचना तीन कलमी आहे. एक, हॉस्टेल फंडातला काही भाग फक्त ‘कायमच्या’ कामांसाठी वेगळा ठेवावा. झाकणं, जाळ्या, उतार, पाइप. फवारणीला त्याला हात लावता येऊ नये. दोन, ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस’ ही महापालिकेची घोषणा आपण भिंतीवर वाचतो आणि विसरतो, ती रविवारी खरंच पाळावी. कूलर रिकामा करून, घासून, वाळवून. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. तीन, तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी टर्मवर्क म्हणून हॉस्टेलचा नकाशा काढून पाणी कुठे साचतं आणि अळ्या कुठे सापडतात याची दर आठवड्याला नोंद ठेवावी. नोटीस बोर्डावर आकडे लागले की आपोआप प्रश्न विचारले जातात. मॅडम, जर्नलमध्ये काल्पनिक गावाचं सांडपाणी मोजण्यापेक्षा हे बरं नाही का?

आपल्यातले बहुतेक जण प्लेसमेंटमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत जाणार, मीही कदाचित जाईन. त्याबद्दल तक्रार नाही. पण चार वर्षं आपण इथे राहतो, इथलं पाणी पितो आणि इथले डास आपलंच रक्त पितात. पुढच्या वेळी फॉगिंग मशीन आलं की फोटो जरूर काढा. फक्त त्यानंतर पाच मिनिटं जिना चढून टेरेसवर जा आणि टाकीला झाकण आहे का तेवढं बघून या. नसेल तर तो फोटोही मला पाठवा. पुढच्या अंकात दोन्ही शेजारी-शेजारी छापू.